परतीचा शेवटचा दिवस : मुक्काम भवानी पेठ, सोलापूर

मार्गशीर्षातली सकाळ होती. छत्रपती संभाजीनगरच्या एका धर्मशाळेच्या आवारात 1986 सालची काळी बुलेट उभी होती आणि तिच्या मागच्या कॅरियरवर दोन पिशव्या सुती दोरीने आवळून बांधलेल्या होत्या. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होईपर्यंत शेठ तोंडात काही घालत नाहीत. त्यामुळे निघायला आठ वाजणार, हे अण्णांनी गृहीत धरले होते. तेवढ्या वेळात त्यांनी चेनचा ताण पाहिला, दोन्ही टायर ठोकून पाहिले आणि अँमीटरचा काटा मध्यावर आणून किक मारली. दुसऱ्या किकेला इंजिन लागले. परतीचा हा सहावा आणि शेवटचा दिवस होता.

दोघेही पासष्टी ओलांडलेले. सोलापूरच्या भवानी पेठेत एकाला 'शेठ' आणि दुसऱ्याला 'अण्णा' याच नावांनी ओळखतात. येथेही तीच नावे पुरेशी आहेत. शेठांची सुताची पेढी, घराणे ओसवाल, मूळ गाव राजस्थानातील पाली जिल्ह्यात. अण्णा पद्मशाली विणकर, आजोबा तेलंगणातल्या करीमनगर भागातून पायी सोलापूरला आलेले. दोघे एकाच शाळेत एका बाकावर बसले. पुढे एकाने सूत उधार दिले, दुसऱ्याने त्याच्या चादरी आणि टॉवेल विणले. या व्यवहारात चाळीस वर्षे गेली.

बुलेट दोघांनी मिळून घेतली होती, निम्मे-निम्मे पैसे घालून. घेतली त्याच दिवशी शेठांनी लाल कापडी बांधणीच्या वहीत एक पान उघडले आणि वर लिहिले, 'गाडी खाते'. पेट्रोल, ऑइल, टायर, विमा, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारी पुनर्नोंदणी आणि तिच्याबरोबरचा पर्यावरण कर, सारे त्या खात्यात नावे पडत गेले. दर दिवाळीला हिशेब व्हायचा, ज्याचे कमी निघेल तो पैसे द्यायचा आणि नव्या वहीत नवे पान उघडायचे. पेढीवर संगणक आला तरी हे एक खाते वहीतच राहिले.

या प्रवासाचा बेत वीस वर्षे रेंगाळला होता. शेठांच्या पणजोबांचे गाव मोटारसायकलवरून जाऊन पाहायचे, एवढाच तो बेत. यंदा कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर तो पार पडला, त्याला कारण अण्णांचे होते. त्यांच्या शेडमधले आठही माग विकले गेले होते. सुताचे चढते भाव, पानिपतचा स्वस्त माल, कारागिरांची टंचाई आणि मुलाची हैदराबादेतील नोकरी अशी कारणे एकाखाली एक मांडून त्यांनी स्वतःच बेरीज केली होती. महिनाअखेर ते हैदराबादला मुलाकडे राहायला जाणार होते. माग उचलायला भंगारवाला येणार होता तो या प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी आठला.

पाली जिल्ह्यातल्या त्या गावी पणजोबांचे म्हणून जे घर दाखवले गेले, ते अर्धे पडलेले होते. दाराच्या चौकटीवरचे कोरीव काम तेवढे शाबूत होते. शेठ तेथे दहा मिनिटेही थांबले नाहीत. उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिले ते अण्णा. नंतर उदयपूर, रतलाम, इंदूर आणि धुळे असे मुक्काम करीत दोघे संभाजीनगरपर्यंत आले.

धुळ्याहून सोलापूरला येणाऱ्या या रस्त्याचा क्रमांक पूर्वी 211 होता. आता तो 52 या लांबलचक महामार्गाचा भाग आहे. पंजाबातील संगरूरपासून हा महामार्ग राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र असा उतरत सोलापूर, विजयपूर, हुबळीवरून कर्नाटकात अंकोल्याला समुद्राजवळ पोहोचतो. सोलापूर त्याच्या वाटेवरचे एक गाव. या दोघांच्या दृष्टीने मात्र महामार्ग तुळजापूर नाक्यालाच संपत होता.

शहागडला गोदावरी ओलांडताना अण्णांनी गाडी पुलाच्या अलीकडे घेतली. वरच्या बाजूला पैठण आणि तिथला नाथसागर. खाली पात्रात पाण्याच्या दोनतीन धारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेला 'पेरिप्लस' हा ग्रंथ व्यापाराच्या इतिहासात फार मोलाचा मानला जातो. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर, असे त्यात लिहिले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. तिथले साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे. विणणारा एका गावचा, विकणारा दुसऱ्या गावचा आणि मधे गाडी ही व्यवस्था या भागात दोन हजार वर्षांची आहे.

गेवराईच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस होता. शेठांची नजर बोंडावर आणि अण्णांची रस्त्यावर. मागे बसलेला माणूस भाव सांगतो आणि पुढे बसलेला खड्डे सांगतो, ही त्यांची जुनी वाटणी. बीड ओलांडून मांजरसुंब्याचा घाट चढताना मागचे चाक डुलू लागले. खिळा चांगला बोटभर होता.

पंक्चरचे दुकान वरच होते, पण दुकानातल्या मुलाच्या हाताशी आधीच काम होते. ऊसतोड मजुरांच्या टोळीच्या ट्रॉलीचे चाक काढलेले होते. ट्रॉलीवर भांडी, गाठोडी, कोंबड्यांची डालगी आणि त्या साऱ्यावर चार मुले. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून अशा टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. ही टोळी मागाहून निघालेली होती. शेठांनी पिशवीतून खाखऱ्याचे पुडके काढून मुलांना दिले आणि तेथेच दगडावर बसून त्यांच्या बापाशी बोलणे काढले.

नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम हंगामाआधी त्या कोयत्याला 'उचल' देतो आणि ती तोडलेल्या उसावर वळती होते. हे शेठांना ऐकून ठाऊक होते. तो माणूस म्हणाला, "उचल फिटली तर फिटली. न्हाई फिटली तर म्होरल्या साली तीच बाकी डोक्यावर." त्याने हे रागाने सांगितले नाही, हवामान सांगावे तसे सांगितले. शेठ पुढे काही बोलले नाहीत. त्यांच्या घराण्यात बाकी म्हणजे भांडवल होते. तीच बाकी या माणसाच्या पायात कशी अडकते, हे त्यांनी दगडावर बसून प्रथमच जवळून पाहिले.

बुलेटच्या चाकाला हात लागेपर्यंत पाऊण वाजला. ट्यूबला दोन ठिकाणी ठिगळ बसले. शंभर रुपये अण्णांनी दिले, कारण शेठांचे पाकीट पिशवीच्या तळाशी होते. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा दीड वाजून गेला होता.

"घरी जेवायचं म्हणतोस, जमतंय का बघ आता," अण्णा म्हणाले.

"पावणेसहाला सूर्यास्त आहे. तू चालव."

सूर्यास्तानंतर शेठ जेवत नाहीत, पाणीही घेत नाहीत. प्रवासात त्यांनी हा नियम रोज पाळला होता आणि अण्णांनी दररोज दुपारी साडेचारनंतर जेवणाची जागा शोधली होती. आज मात्र घरून निरोप होता, स्वयंपाक तयार आहे, पाचपर्यंत या. सोळा दिवसांनी घरचे ताट मिळणार होते.

चौसाळा मागे पडले. फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेले तेरखेडा आले. दिवाळी होऊन गेल्यामुळे तिथली दुकाने निवांत होती. येरमाळ्याला येडेश्वरीचा डोंगर, येडशीला रामलिंगच्या अभयारण्याची झाडी. बालाघाटच्या पठारावरचा हा पट्टा उघडा, कोरडा आणि वाऱ्याचा आहे. धाराशिव गाठले तेव्हा साडेतीन झाले होते. गावापासून जवळच प्राचीन लेणी आहेत आणि त्यांत पार्श्वनाथांची मूर्ती आहे. मुनी कनकामरांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात राजा करकंडूच्या कथेत या लेण्यांचा उल्लेख येतो. जाताना दोघे तिथे थांबले होते. आज शेठांनी गाडीवरूनच त्या दिशेला हात जोडले.

तुळजापूरला अण्णांनी चहा घेतला. गर्दी होती म्हणून देवळात न जाता त्यांनी बाहेरूनच नमस्कार केला. कोजागरीच्या सुमारास सोलापुरातून हजारो माणसे ही पंचेचाळीस किलोमीटरची वाट पायी चालतात. तरुणपणी अण्णा दरवर्षी चालायचे आणि शेठांच्या पेढीतर्फे रूपाभवानीच्या देवळाजवळ चालणाऱ्यांसाठी चहापाण्याची सोय असायची. अण्णा रात्री निघताना तिथे चहा प्यायचे आणि शेठांच्या वडिलांच्या पाया पडून पुढे जायचे. ही आठवण दोघांपैकी कोणीही बोलून दाखवली नाही. गाडी घाट उतरू लागली.

घाटाखाली सोलापूरचा मुलूख सुरू होतो. काळी, भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर गुडघाभर आलेली रब्बी ज्वारी. तामलवाडी गेली, उळे गेले. कांद्याने भरलेले ट्रक एकामागे एक मार्केट यार्डाकडे निघाले होते. मार्गशीर्षात सोलापूरच्या बाजारात कांद्याची आवक इतकी वाढते की गावात शिरण्याआधीच त्याचा वास येतो. रूपाभवानीचे देऊळ उजेडात दिसले. पाच वाजून वीस मिनिटे झाली होती.

भवानी पेठ हा सोलापूरच्या जुन्या पेठांपैकी एक भाग. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती, शाहीर वस्ती अशा वस्त्या तिच्या पोटात आहेत. एका गल्लीत तेलुगू ऐकू येते, दुसरीत कन्नड, तिसरीत दखनी उर्दू आणि दुकानाच्या गादीवर मारवाडी. हिशेब मात्र सगळे मराठीत करतात. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली उभी राहिली. ती पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी विणकाम थांबले नाही; ते हातमागावरून यंत्रमागावर आले आणि पेठांमधल्या शेडमध्ये चालत राहिले. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र ज्या गल्लीत एके काळी दोन माणसांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावे लागे, तिथे आता सायकलची घंटी ऐकू येते.

गल्लीच्या तोंडाशी अण्णांनी गाडी थांबवली. डावीकडे शेठांचे घर, उजवीकडे शेड.

"तू उतर. जेवून घे. मी शेडवर जाऊन येतो," अण्णा म्हणाले. "शेवटच्या मागावर बीम संपत आलाय. कारागीर सहाला जाणार. उद्या सगळं खोलणार की."

शेठ उतरले नाहीत. "चल," एवढेच म्हणाले.

"वेळ बघ बे!"

"बघितली. चल."

शेडमध्ये आठांपैकी सात माग गप्प होते. त्यांच्यावरचे सूत आधीच उतरवले होते. आठव्यावर निळ्या आणि पांढऱ्या सुताची चादर विणली जात होती, काठाला मोराची नक्षी. धोटा या टोकापासून त्या टोकाला जात होता आणि त्या एकट्या मागाचा आवाज पत्र्याखाली मोठा वाटत होता. कारागीर तीस वर्षे त्याच मागावर होता. त्याने मालकाकडे पाहून मान हलवली आणि काम चालू ठेवले.

अण्णा मागाजवळ उभे राहिले. सूत तुटले तेव्हा कारागिराच्या आधी त्यांचा हात पुढे गेला. तुटलेला धागा त्यांनी बोटांत धरला, गाठ मारली आणि दांडा ओढून माग पुन्हा चालू केला. ते सूत शेठांच्या पेढीवरचे होते, सहा महिन्यांपूर्वी उधारीवर दिलेले. पैसे दिवाळीपूर्वीच चुकते झाले होते. शेठ भिंतीला टेकून रिकाम्या बाकड्यावर बसले. छपरातल्या काचेतून पडलेला उजेडाचा चौकोन जमिनीवरून भिंतीवर चढला, तांबूस झाला आणि विझला. घरून दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि "ताट झाकून ठेवू नका, आता सकाळी," असे सांगून खिशात ठेवला.

सहाला दहा मिनिटे असताना बीम संपला. कारागिराने चादर कापून घडी केली आणि अण्णांच्या हातात दिली. मग त्याने हात धुतले, डबा उचलला आणि दोघांना नमस्कार करून तो निघून गेला. अण्णांनी मुख्य खटका खाली ओढला.

पेढीवर दिवा लागलेला होता. नोकराने दोन पेले चहा आणला. शेठांपुढचा पेला त्याचा तोच मागे घेऊ लागला, तेव्हा अण्णांच्या ध्यानात आले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि आपलाही पेला परत पाठवला. त्यावर दोघांत काही बोलणे झाले नाही. शेठांनी लाल वही काढली, चष्मा चढवला आणि खिशातल्या सोळा दिवसांच्या चिठ्ठ्या गादीवर पसरल्या.

पेट्रोल कोणी कुठे भरले, इंदूरला क्लचची केबल कोणी बदलली, धर्मशाळांतल्या देणग्या कोणी दिल्या, हे एकेक करून जमा आणि नावे या बाजूंना बसत गेले. शेठांनी बेरीज दोनदा केली, अण्णांनी एकदा. अण्णांकडे चारशे दहा रुपये निघत होते. त्यांनी ते तिथेच मोजून दिले. खाते बरोबर झाले.

"नाही झालं," अण्णा म्हणाले. "आजचं पंक्चर राहिलं. शंभर. मी दिले."

शेठांनी नोंद केली आणि पन्नासची नोट पुढे सरकवली. अण्णांनी ती उचलली नाही.

"राहू दे की. तुझ्याकडे येणं असू दे माझं."

"गाडीचं पान बंद करायचं आहे ना आज? तू निघालास हैदराबादला. पुनर्नोंदणी मार्चमध्ये आहे. करायची की गाडी विकायची, ते ठरवायचं होतं."

"शून्य बाकी झाली की खातं बंद होतं, हे तूच शिकवलंस मला," अण्णा म्हणाले. "तुझ्या पणजोबांचं गाव बघून आलो. माझ्या आजोबांचं कुठं झालंय? करीमनगरला मधे हैदराबाद लागतंय. तू इथून ये, मी तिथून मागं बसतो."

शेठ काही वेळ वहीकडे पाहत राहिले. दुपारचा तो माणूस आणि त्याची न फिटणारी उचल त्यांच्या मनात असावी. ती बाकी फेडण्यासाठी तो माणूस दरवर्षी घर सोडत होता. ही पन्नास रुपयांची बाकी कोणी मागणार नव्हते आणि ती फेडण्याची घाई कोणालाच नव्हती. व्यापारात उधारी थकली की झोप उडते, हे त्यांच्या पेढीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एखादी बाकी मुद्दाम ठेवायची असते, हे त्यांना एका विणकराने सांगितले.

त्यांनी नोट गल्ल्यात टाकली, दौतीत टाक बुडवला आणि पानाच्या तळाशी लिहिले : 'अण्णा यांचे येणे, रुपये 50. बाकी पुढील पानी.' मग पान उलटून नव्या पानावर मथळा लिहिला, 'गाडी खाते', आणि त्याखाली 'मागील पानावरून रुपये 50.'

अण्णांनी चादर काखेत धरली आणि निघाले. बुलेट शेठांच्या गोदामात, सुताच्या गाठींच्या शेजारी, तिच्या नेहमीच्या जागी लागली होती. इंजिन अजून कोमट होते. अण्णांचे घर दोन गल्ल्या पलीकडे. मधल्या गल्लीत एका शेडमध्ये रात्रपाळी सुरू झाली होती आणि मागांचा आवाज येत होता. तेवढा भाग ते सावकाश चालले.